येळवस आणि कारळाची चटणी

नांदेडच्या भाजीबाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या, की आमच्या घरात भांडण ठरलेलं. शेंगांचा ढीग बघितला की माझा हात आवरत नाही. तुरीच्या घेते, वालाच्या घेते, ओला हरभरा घेते, मेथी, पातीचा कांदा, चिंच, जे दिसेल ते घेते. दोन्ही हातांत पिशव्या लोंबकळवत घरी आले की नवरा दारातच विचारतो, "कुणाचं लग्न आहे का?" तो नाशिकचा. लग्नाला बारा वर्षं होत आली तरी भज्जीला ‘मिक्स भाजी’ म्हणतो. मी सांगून थकले, की बाबा रे, शेतात त्या दिवशी जे जे हिरवं आहे ते सगळं शिजवून, बेसन आणि ताक लावून जे होतं त्याला भज्जी म्हणतात, आणि ती हॉटेलात मिळत नाही. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हणतो, "अगं, ती तुमची मिक्स भाजी कधी आहे?"

ती आमची येळवशीला असते. मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात तिला चांगलं वेळ अमावस्या वगैरे नाव आहे, पण येळवस म्हटल्याशिवाय आमच्या तोंडाला पाणी सुटत नाही. नांदेडला आमच्या कॉलेजात त्या दिवसाची सुट्टी नसते, म्हणून मी रजा टाकते. पहिल्या वर्षी रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं, ‘शेतावर जेवायला जायचे आहे.’ प्राचार्यांनी बोलावून घेतलं. चष्म्यावरून अर्ज बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "मॅडम, आजारी आहे असं लिहायची पद्धत आहे." मी म्हटलं, सर, येळवशीच्या दिवशी आजारी आहे म्हणून खोटं लिहिलं तर खरंच पोट दुखायचं. आता ते नुसती सही करतात आणि आंबील बाटलीत भरून आणायला सांगतात.

लातूरकडं तर त्या दिवशी शहरात चिटपाखरू राहत नाही. दुकानं बंद, क्लास बंद, एरवी जिथं सायकलींच्या गर्दीतून वाट मिळत नाही ते रस्ते झाडून ठेवल्यासारखे मोकळे. सगळं लातूर कुणाच्या ना कुणाच्या शेतात. ज्याला शेत नाही त्याला मित्राचं, नाहीतर घरमालकाचं, नाहीतर रस्त्याकडेचं जे पहिलं लागेल ते. शेतात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोपी उभी करायची, तिच्यावर घरातली चांगली शाल घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा झाली की ‘ओलगे ओलगे’ असं ओरडत, पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी. या शब्दांचा अर्थ मी आजवर दहा जणांना विचारला आणि दहा अर्थ ऐकले. कानडी असावेत, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. मग जेवण. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण लावलेली गार आंबील. थंडीत गार आंबील का प्यायची असं विचारणाऱ्याला आम्ही दुसरा तांब्या देतो.

आणि एक नियम. येळवशीला शेताजवळून जाणारा माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. हा नियम आमच्याकडं सगळेच पाळतात. माझी गयाआत्या जरा जास्तच पाळायची.

गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि कुणाला न विचारता शेताची मालकीण झाली. बाबांना तिनंच शिकवलं, नोकरीला लावलं आणि नांदेडला पाठवून दिलं. स्वतः मात्र चाकूरच्या पुढं आमच्या गावात राहिली. शेत लातूर-नांदेड रस्त्याला चिकटून. येळवशीच्या दिवशी पूजा आटोपली की आत्या पदर खोचून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात लांब दांड्याची आंबिलीची पळी, वर केलेली. ट्रॅफिक पोलिसाला जे जमत नाही ते त्या पळीला जमायचं. ट्रक थांबायचे, जीप थांबायच्या, आणि पन्नास माणसं भरलेली लाल एसटी करकचून थांबायची.

"उतरा सगळे! जेवल्याबिगर गाडी हालायची न्हाई!"

आतून कुणीतरी ओरडायचं, "बाई, उशीर होऊन राहिला आम्हाला!"

"उशीर तर झालाच हाय. आता जेवूनच जा."

या वाक्याला उत्तर नाही. मी पुढं बीएड केलं, वादविवाद स्पर्धांची परीक्षक झाले, पण या वाक्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. एकदा एक साहेब जीपमधून उतरेनात. म्हणाले, मी ड्यूटीवर आहे. आत्या म्हणाली, "ड्यूटीला पोट न्हाई का?" साहेब उतरले. एकदा माहूरला देवीला निघालेलं एक जोडपं होतं. दर्शन झाल्याशिवाय काही खाणार नाही म्हणाले. "देवीला म्हणावं गयानं अडवलं. ती मला वळखती," असं सांगून आत्यानं त्यांच्या पत्रावळीवर तिसऱ्यांदा भज्जी ओतली. जेवणाऱ्याचं नाव, गाव, जात, काही विचारायची नाही ती. कुणी स्वतःहून सांगायला लागलं तर म्हणायची, "ते जेवल्यावर सांगा. आधी गिळा."

लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची. मी कोपीमागं लपून बसायची. आत्या हाका मारायची, "मने, पाणी आण! कुठं मेली ही?" आणि मी अंग चोरून पाणी वाढायची. मी लाजाळू, घुमी, कुणाशी पटकन न बोलणारी. आत्याला माझा हा स्वभाव अजिबात पसंत नव्हता. "पोरगी मुकी हाय का?" असं पाहुण्यांनी विचारलं की ती माझ्याकडं बघून म्हणायची, "न्हाई, साठवायली. एकदम बोलंल."

दहावीला मला बरे मार्क पडले. लातूरला शिकायला जायचं मनात होतं, पण माझी तब्येत तोळामासा, मेसच्या जेवणानं चार दिवसांत अंथरूण धरेन अशी बाबांची खात्री. नांदेडमध्येच शिक, म्हणाले. आत्या सकाळच्या गाडीनं तडक नांदेडला आली. चप्पलही न काढता म्हणाली, "पोरगी लातूरला ऱ्हाईल. तिच्या खाण्याचं मी बघते. रोज डबा पाठवते. मग तर झालं?" बाबा काय बोलणार? त्यांचीही आईच होती ती.

हे डब्याचं आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. लातूरला शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे गावोगावहून एसटीनं येतात. सकाळी फाट्यावर कुणीतरी डबा घेऊन उभं असतं, ड्रायव्हर तो आपल्या सीटमागं ठेवतो, आणि लातूरच्या स्टँडवर आम्ही वाट बघत असतो. भरलेला घ्यायचा, कालचा रिकामा द्यायचा. माझा डबा अहमदपूरहून येणाऱ्या गाडीला. चारखणी स्टीलचा, आत्याच्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गाठ मारून बांधलेला. ती गाठ सोडताना माझी दोन नखं मोडली असतील. ड्रायव्हरमामा म्हणजे मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. दर येळवशीला आत्याच्या पळीपुढं थांबलेला. तो डबा हातात देताना रोज एवढंच बोलायचा, "गरम हाय."

डब्यात भाकरी, भाजी, कधी पिठलं, कधी आमटी, आणि रोज, न चुकता, वरच्या खणात कारळाची चटणी. काळी कुळकुळीत, लसणाची, वर कच्चं तेल. आता खरं सांगते. मला कारळाची चटणी आवडत नव्हती. अजिबात. तो तेलकट कडवट वास आला की माझं तोंड वाकडं व्हायचं. पण आत्याला हे सांगायची हिंमत कुणाची? मी आपली ती खोलीतल्या पोरींना देऊन टाकायची. आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मुरुडची संगीता आणि उदगीरची परवीन. त्या दोघी चटणीवर अशा तुटून पडायच्या की विचारू नका. डब्याची गाठ सुटायच्या आधीच आपापली ताटं घेऊन माझ्या दोन बाजूंना येऊन बसलेल्या असायच्या. "मनीषा, तुझी आत्या माझी सासू झाली असती तर मी आत्ता शिक्षण सोडलं असतं," असं संगीता बोटं चाटत म्हणायची.

बारावीच्या वर्षी, तुळशीच्या लग्नाला दोन दिवस असताना, आत्या गेली. सकाळी फाट्यावर डबा दिला, घरी आली, ओट्यावर टेकली, आणि उठलीच नाही. तो डबा मी त्या दिवशी दुपारी खाल्ला. मेथीची भाजी होती. परवीनला चटणी दिली, संगीताचं काहीतरी ऐकून पोट धरून हसले. निरोप संध्याकाळी आला. मला कितीतरी वर्षं त्या हसण्याचा राग येत होता. आता येत नाही. तिचा शेवटचा डबा मी हसत खाल्ला, बरं झालं.

तेरावा झाला आणि मी लातूरला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास सुटला आणि पाय आपोआप स्टँडकडं वळले. डबा येणार नाही हे कळत होतं, तरी गेले. गाडी आली. म्हटलं, ड्रायव्हरमामाला निदान रिकामा डबा द्यावा, गावाकडं पोचेल. तर त्यानं सीटमागून निळ्या कापडातला डबा काढून माझ्यापुढं धरला. त्याच लुगड्याचं कापड, जोडीतला दुसरा चारखणी डबा.

"कुणी दिला?"

"गरम हाय," तो म्हणाला, आणि गाडी मागं घ्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चव रोज वेगळी. सोमवारी भाजीत मीठ जास्त. मंगळवारी भाकरी एवढी पातळ की पलीकडचं दिसावं. गुरुवारी कांदा-लसूण काही नाही. शुक्रवारी रस्सा असा झणझणीत की परवीन म्हणाली, हे आपल्याकडचं दिसतंय. दोन आठवड्यांत मला कळलं की गावानं वार लावलेत. पूर्वी गरीब पोरं वारानं जेवायची म्हणतात, आज या घरी, उद्या त्या घरी. इथं मी एका जागी बसून होते आणि घरं एसटीत बसून माझ्याकडं येत होती. चव कुठलीही असो, वरच्या खणात एक गोष्ट मात्र सातही दिवस ठरलेली. कारळाची चटणी! मला रडूही यायचं आणि संतापही. सगळ्या बायांनी आत्याचा डबा डोळ्यांपुढं ठेवला असणार आणि जसाच्या तसा गिरवला असणार. आत्यानं एकटीनं दिली ती परवडली, आता अख्खं गाव मला ती चटणी खायला घालत होतं.

पण अभ्यास होईना. वाचलेलं डोक्यात टिकेना. चाचणीत जीवशास्त्रात, माझ्या लाडक्या विषयात, मी आपटले. खोलीत दिवसभर तोंड मिटून पडून राहायची. फोनवर बाबांना वारांचं सांगितलं, तर त्यांना ते लागलं. "माझी पोरगी वारानं जेवती? लोक चार दिवस करतात, मने. मग आपणच समजून घ्यावं. सामान घे आणि घरी ये. अभ्यास इथं कर, परीक्षेला तेवढी जा." मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते. लातूर हे आत्याचं मत होतं. मत देणारीच राहिली नाही, मग मी कशाला तिथं हट्टानं बसू? येळवशीला सगळं बंद, त्या दिवशी निघायचं ठरवलं. आमच्या घरात तर यंदा सणच नव्हता.

त्या सकाळी पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन स्टँडवर आले. गाडी आली. तीच गाडी पुढं दहाला नांदेडला जायची.

"आज डबा न्हाई," ड्रायव्हरमामा म्हणाला. पहिल्यांदाच वेगळं काहीतरी बोलला.

बघा, म्हटलं मनात. बाबा बरोबर होते. चार दिवस झाले, संपले वार. पेटी उचलून गाडीत ठेवली आणि खिडकीशी बसले. संगीता-परवीनला धड निरोपही दिला नव्हता. दोघींच्या उशीवर एकेक चिठ्ठी ठेवून पळून आले होते, चोरासारखी.

चाकूर गेलं. दोन्ही अंगांना ज्वारी कमरेच्या वर, शेताशेतात कोप्या, कोप्यांवर रंगीत शाली. मी ठरवलं होतं, आमचं शेत आलं की बाहेर बघायचं नाही. मान खाली घालून बसले. आणि गाडीचा वेग कमी झाला. अजून कमी झाला. गाडी थांबली.

मान वर केली. समोर रस्ता मोकळा. पळी नाही, पदर नाही, कुणी नाही. ड्रायव्हरमामानं इंजिन बंद केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो? बिघडली का?"

"बिघडली न्हाई," मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "गाडीला सवय हाय. उतरा, जेवून घ्या."

आमच्या शेतात कोपी होती! आत्याचीच शाल तिच्यावर. सुमनकाकू पुढं आली. सुमनकाकू म्हणजे आत्याची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, सातवी शिकलेली, गावातल्या निम्म्या बायांना पत्रं वाचून दाखवणारी. तिच्यामागं वारवाल्या सगळ्या.

"काकू, आमच्याकडं सण नाही यंदा," मी म्हटलं.

"तुमच्या घराला न्हाई. शेतानं कुणाचं काय केलं? आंबील माझ्या घरची हाय, तू बस." एवढ्यात मामानं माझी पेटी उतरवून तिच्या पायाशी ठेवली. काकूनं पेटीकडं बघितलं. "ही कामून आणलीस? येळवशीला पेटी घेऊन येतंय का कुणी?"

मी सांगितलं. खाली बघत, अडखळत. नांदेडला चाललेय. आता तिथंच राहणार. तुम्हाला किती दिवस त्रास देऊ?

 मग जो गलका झाला तो विचारू नका.

"आन् उद्याचा वार माझा हाय! त्याचं काय?" सुमनकाकू कडाडली. "वालाच्या शेंगा निवडून ठेवल्यात मी. कुणाच्या डोक्यावर घालू?"

"मला तर रविवार मिळाया भांडावं लागलं," शांताकाकू म्हणाली. "परीक्षेपातूर वार लागलेत, पोरी. मधीच उठून चालली म्हणं!"

 पन्नास अनोळखी माणसं पत्रावळीवर बसलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, आणि महिनाभर आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. जे तोंडाला आलं ते बोलले, आणि काय आलं तर, "मग ती कारळाची चटणी तेवढी बंद करा! मला आवडत नाही ती! आत्यालाही मी कधी सांगितलं नाही, मी एक दिवसही खाल्ली नाही!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सुमनकाकू हसली. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं येडे, तिला ठाव होतं."

"काय?"

"तुझ्या मैतरणींनी मागल्या वर्सी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घातली होती. मीच वाचून दावली गयाबाईला. ‘आत्या, चटणी जरा वाढवा. मनीषा खात नाही, सगळी आम्हाला देते, तरी पुरत नाही.’ खाली दोघींची नावं. मला वाटलं, आता ही भडकती. तर ही हासायलीच. म्हणली, सुमन, बरं झालं गं. लई घोर होता मला, ही घुमी पोरगी तिथं एकटीच भितीकडं तोंड करून जेवती का काय. आता चटणीच्या पायी पोरी जवळ बसतेत तिच्या. उद्यापून दुप्पट टाकते." काकूनं डोळे पुसले. "म्हणून समद्या घरांना मी बजावलं. भाजी काय बी करा, चटणी घाला."

मी कोपीजवळ मटकन खाली बसले आणि रडले. तेराव्यालाही रडले नव्हते एवढी, हुंदके देऊन. कुणी ‘गप’ म्हटलं नाही. शांताकाकूनं पत्रावळ वाढली, तिच्यावर भज्जी ओतली, आणि मी रडता रडता जेवले. खूप जेवले. चटणीही खाल्ली. नाही आवडली. तरी सगळी खाल्ली.

आमच्या गाडीतली माणसं हात धुऊन चढायला लागली. ड्रायव्हरमामानं माझ्याकडं बघितलं. मी पेटीकडं बघितलं आणि मान हलवली. तो गाडी घेऊन गेला. आणि थोड्या वेळात समोरून, नांदेडकडून, दुसरी एसटी येताना दिसली. लातूरला जाणारी.

"आता हिला कोण अडवतंय?" शांताकाकू म्हणाली. सगळ्या एकमेकींना ढकलायला लागल्या. घरात तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या या बाया, पण भर रस्त्यात उभं राहायला एकीचाही पाय उचलेना. ते काम आत्याचं होतं. सुमनकाकूनं आंबिलीतली पळी काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

मी रस्त्याच्या मधोमध कशी पोचले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की पळीवरून आंबिलीचा ओघळ कोपरापर्यंत आला होता आणि गाडी मोठी मोठी होत होती. ड्रायव्हर नवा होता. करकचून ब्रेक मारून बाहेर डोकं काढून ओरडला, "ए पोरी, जीव वर आला का? उशीर व्हायलाय आम्हाला!"

"उशीर तर झालाच हाय!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. "आता जेवूनच जा! उतरा सगळे!"

उतरले. सगळे उतरले हो! मी पाणी वाढलं, उंडे वाढले, एका आजोबांना नको नको म्हणताना दोन पोळ्या वाढल्या. आणि ती गाडी निघाली तेव्हा तिच्यात माझी पेटी होती, वळकटी होती, मांडीवर भज्जीचा डबा होता, आणि लातूरचं तिकीट होतं. खोलीवर पोचले तर संगीता-परवीन दारात उभ्या, हातात माझ्या चिठ्ठ्या. शेताचं बोलावणं नव्हतं म्हणून दोघी लातुरातच अडकलेल्या, मेस बंद, दिवसभर उपाशी. आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या, मग डब्यावर बसल्या.

कोपऱ्यावरच्या बूथवरून बाबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "उद्या कुणाचा वार?" पुढच्या आठवड्यात ते गावी गेले आणि रविवारचा वार मागून आले. शांताकाकू त्यांच्यावर महिनाभर रुसली होती. दर रविवारी नांदेडच्या गाडीनं आईचा डबा यायला लागला. चटणीसकट. मी डॉक्टर वगैरे झाले नाही, त्याला माझे मार्क जबाबदार, डबे नाहीत. पण पोरांना जीवशास्त्र शिकवते, खणखणीत आवाजात. शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

आता रस्ता चारपदरी झालाय. मधोमध उभं राहायची सोय नाही, म्हणून मी कडेला उभी राहते, पळी मात्र तीच. ड्रायव्हरमामा रिटायर झाले. येळवशीला मोटारसायकलवर येतात, कुणी न अडवता. सुमनकाकूला आता कमी दिसतं, पण आंबील तिच्याच हातची. परवीन जमेल त्या वर्षी उदगीरहून येते आणि चटणीची बरणी भरून नेते. कारळं मी दर वर्षी बांधाला पेरायला लावते आणि चटणी स्वतः कुटते. आत्यासारखी होत नाही. मला आवडते का? हो, आवडते आता. कधीपासून ते सांगता येणार नाही.

या वर्षी एक गाडी थांबली, पुण्याच्या नंबरची. एकच मुलगा, पंचविशीतला, कानात ते गाणी ऐकायचं पांढरं यंत्र. उशीर होतोय म्हणाला, मी आमचं वाक्य म्हटलं, तो उतरला. अवघडून, सगळ्यांपासून हातभर लांब, पंक्तीच्या टोकाला बसला. पलीकडं एसटीतून उतरलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नवरा भज्जी वाढत होता, आणि लोकांना ‘मिक्स भाजी घ्या, मिक्स भाजी’ म्हणत होता, तिकडं मी कानाडोळा केला. मागून मी चटणी घेऊन निघाले. मुलाच्या पत्रावळीवर घातली तशी तो म्हणाला, "मावशी, सॉरी, मला कारळं नाही आवडत."

"असू दे," मी म्हटलं. "शेजारच्याला दे."

त्यानं कानातलं काढून खिशात ठेवलं आणि पत्रावळ उचलून बाईंकडं सरकला. "आजी, चटणी घेता का?"

"आण की रे बाबा," बाई म्हणाल्या, आणि त्याला जागा करून दिली.